जाड लाकूड आणि आगीचा हिशेब

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी भेटावयास आला. बेळगावच्या बाजारपेठेत त्याच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेले कापडाचे दुकान आहे. खाली दुकान, वर माडी, माडीवर कौलारू छप्पर आणि या सर्वांचा भार पेलणारे सागवानाचे बारा खांब, अशी ती इमारत. खांब चांगले फूटभर जाडीचे, त्यांवर त्याच तोलाच्या तुळया आणि तुळयांवर कडीपाट. दुकान वाढवावयाचे हे घरात ठरले होते. परंतु कसे वाढवावयाचे यावरून दोन पक्ष पडले होते. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, "लाकूड म्हणजे सरपण. एक ठिणगी पडली की सारे खाक. पाडून टाकू आणि सिमेंटचे बांधू." आजी म्हणत होती, "ज्या खांबांनी तीन पिढ्या सावलीत ठेवल्या, त्यांना मी जिवंत असेतो कुऱ्हाड लागावयाची नाही." या दोघांच्या मध्ये सापडलेला तो मुलगा मला विचारू लागला, "सर, तुमचे वडील सुतारकाम करीत. तुम्हीच सांगा. हे खांब ठेवले तर गिऱ्हाइकांच्या जिवाशी खेळ केल्यासारखे होईल का? आणि नियमात असे बांधकाम बसते तरी का?"

हा प्रश्न काही एकाच दुकानाचा नाही. गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ, शहापूर या भागांतून फिरणाऱ्याला नव्या दर्शनी पाट्यांच्या मागे अजूनही असे जुने खांब दिसतात. निपाणीच्या पेठेतही तेच. प्रत्येक वाटणीच्या वेळी, प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी हा प्रश्न कोणा ना कोणाच्या घरी उभा राहतो, आणि बहुधा भीतीने किंवा मायेने त्याचे उत्तर दिले जाते. या दोन्हींपैकी एकीनेही न देता ते हिशेबाने कसे देता येईल, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम भीतीचा विचार करू. लाकूड जळते, हे सांगावयास शाळामास्तर नको. पण ते कसे जळते, हे चुलीपुढे बसलेल्या गृहिणीला आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. चूल पेटविताना ती ओंडक्याला काडी लावीत नाही. आधी चिपाड, मग ढलपी, मग बारीक फाटा आणि ही सर्व धगधगू लागल्यावर ओंडका. तो ओंडकाही बाजूचे फाटे ओढून घेतले तर धुमसून विझतो. दुसऱ्या दिवशी त्याच्यावरील कोळसा कोयत्याने खरवडला तर आत लाकूड जसेच्या तसे, पिवळे आणि टणक निघते. चिपाडही लाकूड आणि ओंडकाही लाकूड. मग फरक कशाचा? फरक जाडीचा.

याचे शास्त्रीय कारण सोपे आहे. लाकूड सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापले की त्यातून जळणारे वायू बाहेर पडू लागतात आणि मागे कोळसा उरतो. ज्वाला दिसते ती मुख्यतः या वायूंची. मागे राहिलेला कोळशाचा थर उष्णतेचा फार वाईट वाहक असतो. तो आतील लाकडाला गोधडीसारखा झाकतो. बाहेर शेकडो अंशांची आग असली, तरी कोळशाच्या थराखाली दोन बोटांवर लाकूड फारसे तापलेले नसते आणि आपले वजन पेलीत राहते. आग आत शिरते, पण तिच्या चालीला एक ठराविक वेग असतो. देवदारासारख्या हलक्या लाकडात हा वेग मिनिटाला सुमारे ०.६५ ते ०.७ मिलिमीटर आणि सागासारख्या दाट, कठीण लाकडात सामान्यतः त्याहून थोडा कमी धरतात.

आता आपण त्या दुकानातील एका खांबाचा हिशेब मांडू. फूटभर जाडी म्हणजे सुमारे ३०० मिलिमीटर. आग तासाला ४० मिलिमीटर आत जाते असे समजा. शिवाय कोळशाच्या लगतचा ७ मिलिमीटरांचा थर तापून दुबळा झाला, असे अभियंते धरतात. खांबाला चारही बाजूंनी आग लागली, तर एका तासाने प्रत्येक बाजूने ४७, म्हणजे समोरासमोरच्या दोन बाजू मिळून ९४ मिलिमीटर गेले. उरला २०६ मिलिमीटरांचा चौरस खांब. मूळचे क्षेत्रफळ ९०,००० चौरस मिलिमीटर, उरलेले सुमारे ४२,४००. म्हणजे तासभर आगीत उभा राहूनही खांबाचा जवळजवळ निम्मा भाग शाबूत आहे. आता हाच हिशेब १०० मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे चार इंची खांबाला लावून पाहा. १०० मधून ९४ गेले. उरले सहा मिलिमीटर. ती काठीसुद्धा नव्हे, काडी झाली. तीच आग, तेच लाकूड, तोच एक तास. परंतु एक खांब उभा आणि दुसरा जमीनदोस्त.

लोखंडाचे काय, असे कोणी विचारील. लोखंड जळत नाही हे खरे. पण ते तापते, आणि लाकडाच्या उलट त्याचा सारा गाभा एकदम तापतो. सुमारे ५५० ते ६०० अंशांवर पोलादाची जवळजवळ निम्मी ताकद जाते. इमारतींच्या भागांची परीक्षा घेण्यासाठी जी प्रमाण भट्टी वापरतात, तिचे तपमान अर्ध्या तासात ८४० अंशांवर आणि तासाभरात ९४५ अंशांवर जाते. अशा भट्टीत उघडी पोलादी तुळई फार वेळ सरळ राहत नाही. वाकते, आणि वाकताना भिंतींना ओढते. म्हणूनच पोलादाला काँक्रीटचे वा अन्य कशाचे तरी कवच द्यावे लागते. जाड लाकूड आपले कवच आगीतच तयार करते.

इथपर्यंत ऐकून आजीच्या पक्षाला आनंद होईल. पण हिशेब पुरा झालेला नाही. त्याच खांबावर दोन तासांची आग मांडा. प्रत्येक बाजूने ८७ मिलिमीटर गेले. उरला १२६ मिलिमीटरांचा खांब, म्हणजे मूळच्या क्षेत्रफळाचा सहावा हिस्सा किंवा त्याहून किंचित अधिक. चार तासांची आग मांडा. काहीच उरत नाही. पुण्याचा शनिवारवाडा याची साक्ष देतो. १७३० साली त्याच्या बांधकामास आरंभ झाला, तेव्हा जुन्नरच्या रानातून सागवान आणि चिंचवडच्या खाणींतून दगड आणला होता. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी त्याला मोठी आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. आज आपण पाहतो ते तट, दरवाजे आणि दगडी जोती. सागवानाचे मजले गेले. ते लाकूड काही हलके नव्हते. पण आग विझविण्याची सोय नसेल आणि आगीला हवा तेवढा वेळ मिळाला, तर जाडीही शेवटी हरते.

तेव्हा, लाकूड चांगले की वाईट, असा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असा की, लाकूड किती वेळ देते आणि आपल्याला किती वेळ लागतो? माडीवरचे शेवटचे माणूस खाली उतरून रस्त्यावर येईपर्यंत, अग्निशामक दलाचा बंब पेठेत शिरून पाणी मारू लागेपर्यंत इमारत उभी राहिली पाहिजे. आधुनिक इमारत नियमांचे आगीसंबंधीचे सारे गणित या वेळेवर उभारलेले आहे.

हे नियम कोणी हौसेने केलेले नाहीत. ते आगींनी शिकविले आहेत. १८०३ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटात मोठी आग लागून शहराचा फार मोठा भाग भस्मसात झाला आणि त्यानंतरच तेथील रस्त्यांची रुंदी व घरांमधील अंतर यांविषयी कडक विचार सुरू झाला. स्वतंत्र भारतात राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली तयार झाली. १९८३, २००५ आणि २०१६ या वर्षी तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिच्या चौथ्या भागात अग्निसुरक्षेचे नियम आहेत आणि सहाव्या भागात लाकूड व बांबू यांच्या बांधकामासाठी स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे लाकडाला नियमांनी हद्दपार केले आहे, ही समजूत निराधार आहे. मात्र ही संहिता आदर्श नमुना आहे. राज्य सरकार व नगरपालिका आपल्या उपविधींतून तिचा स्वीकार करतात, तेव्हा ती बंधनकारक होते. म्हणून प्रत्यक्ष बांधकामापूर्वी आपल्या गावच्या नगरपालिकेचे उपविधी पाहणे हे पहिले काम.

संहिता मालकाला साधारणपणे चार प्रश्न विचारते. पहिला प्रश्न : इमारत किती उंच? पंधरा मीटर व त्यावरील इमारती उंच इमारती समजल्या जातात आणि त्यांचे नियम फार कडक आहेत. आपले पेठेतील एकमजली माडीचे दुकान त्यापासून पुष्कळ दूर आहे.

दुसरा प्रश्न : आत काय चालते? संहितेने इमारतींचे उपयोगावरून गट पाडले आहेत. राहती घरे एका गटात, शाळा दुसऱ्या, सभागृहे तिसऱ्या. दुकाने, कचेऱ्या, कारखाने व गुदामे यांचे गट निराळे. हा भेद समजण्यासारखा आहे. बेळगावातील भांड्यांचे दुकान आणि निपाणीतील तंबाखूची वखार यांचे खांब एकाच रानातील, एकाच जाडीचे असतील. परंतु एका ठिकाणी पितळ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी छतापर्यंत रचलेली वाळलेली पाने. आगीला खाऊ घालणारे खांब नव्हेत, आतील माल होय. कापडाचे दुकान या दोहोंच्या मध्ये कोठे तरी बसते.

तिसरा प्रश्न : प्रत्येक भाग किती वेळ टिकेल? संहितेने बांधकामाचे चार प्रकार केले आहेत. सर्वांत कडक प्रकारात काही भागांनी चार तासांपर्यंत आगीला तोंड द्यावे लागते. सर्वांत सौम्य प्रकारात साधारणतः एक तास पुरतो. आता आपला मघाचा हिशेब आठवा. फूटभर जाडीचा खांब चार तासांची अट एकट्याने पुरी करू शकत नाही. एका तासाची अट पुरी करण्याजोगा असतो. पण तो 'असतो' हे आपण म्हणून चालत नाही. त्याच्यावर भार किती, लाकडाची जात व प्रत कोणती, उरलेला गाभा तो भार पेलील की नाही, हे अभियंत्याने कागदावर दाखवावे लागते. त्यासाठी भारतीय मानक ८८३ आहे. त्यात लाकडांच्या जातींचे ताकदीवरून गट केले आहेत, गाठी व भेगा पाहून प्रती ठरविल्या आहेत, आणि लाकूड आत कोरड्यात आहे, बाहेर उघड्यावर आहे की सदैव ओलीत आहे, यावरून त्याच्यावर किती भार टाकावा हे निरनिराळे सांगितले आहे.

चौथा प्रश्न : माणसे बाहेर कशी पडणार? जिना एकच असेल, तोही दुकानाच्या मधोमध आणि कपाटांनी अडविलेला, तर खांब हिऱ्याचे असले तरी उपयोग नाही.

अमेरिकेच्या इमारत नियमांत 'जड लाकडी बांधकाम' हा स्वतंत्र प्रकारच मानलेला आहे आणि त्याचा उगम मोठा उद्‌बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात त्या देशाच्या ईशान्य भागात कापसाच्या गिरण्या वारंवार जळत. झकारिया ॲलन नावाच्या गिरणीमालकाने १८३५ साली काही मालकांना एकत्र आणून परस्परांचा विमा उतरविण्याची संस्था काढली. दुसऱ्याच्या गिरणीची भरपाई आपल्या खिशातून द्यावयाची म्हटल्यावर प्रत्येकजण दुसऱ्याची गिरणी कशी बांधली आहे हे डोळे उघडून पाहू लागला. अशा अनुभवातून पुढे 'सावकाश जळणारे बांधकाम' ही पद्धत निघाली. तिची सूत्रे साधी होती. पुष्कळ बारीक लाकडांऐवजी थोडी जाड लाकडे घाला. तक्तपोशी तीन-तीन इंच जाडीची करा. छताखाली पातळ फळ्यांचे दुसरे छत करून मध्ये पोकळी ठेवू नका, कारण तिथे आग लपते आणि पाणी पोहोचत नाही. जिना विटांच्या वेगळ्या बुरुजात ठेवा. छताला पाण्याचे फवारे लावा. आजही त्या देशाच्या नियमांत मजल्याचा भार पेलणाऱ्या अशा खांबाची किमान जाडी आठ इंच बाय आठ इंच धरलेली आहे. आपल्या पेठेतील जुन्या दुकानांत यांपैकी पहिले सूत्र कोणी न सांगता पाळलेले दिसते. बाकीची सूत्रे आपण मोडली आहेत. जाड कडीपाटाखाली शोभेसाठी प्लायवुडचे आणि थर्माकोलचे छत ठोकले, त्याच्या पोकळीतून विजेच्या तारांची जाळी ओढली, जिन्याखाली खोके भरले, आणि आग लागली की दोष खांबांना दिला.

आता आगीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट. माझे वडील खानापूरकडच्या रानातील साग, ऐन, किंजळ, जांभा ही लाकडे नुसत्या वासावरून ओळखीत. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कामावर जात असे. एखाद्या जुन्या घरात शिरले की ते वर तुळईकडे पाहण्याआधी खांबाच्या पायथ्याशी बसत. हातोडीच्या दांड्याने टकटक करीत आणि कान देऊन ऐकत. खणखणीत आवाज आला की पुढच्या खांबाकडे जात. बद्द आवाज आला की किंकरे घेऊन टोचून पाहत. मला म्हणत, "बाळा, आग लाकडाला एकदा मारते, पाणी रोज मारते."

या वाक्याची सत्यता मुंबईने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवली. दक्षिण मुंबईतील जुन्या चाळी व इमारती पुष्कळशा लाकडी सांगाड्याच्या. त्या कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली खास कायदा करून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापावे लागले आणि उपकर घेऊन १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. या इमारती सर्वच काही आगीने गेल्या नाहीत. मोरी व संडास यांचे पाणी वर्षानुवर्षे भिंतीत मुरले, भिंतीत बुजविलेली तुळयांची टोके कुजली, वाळवी लागली, वर मजले चढविले गेले आणि एखाद्या पावसाळ्यात सारे खाली आले. लाकडातील ओलावा सुमारे वीस टक्क्यांच्या वर फार काळ राहिला की कुजविणारी बुरशी त्यात घर करते. तो त्याखाली ठेवला तर सागवान शतकानुशतके टिकते. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ सालचा. त्यात पुढे संस्कृत पाठशाळा भरली, नंतर काही काळ पुणे नगरपालिकेच्या कचेऱ्याही होत्या. म्हणजे लाकडी सांगाड्याच्या इमारतीत सार्वजनिक कामकाज चालू शकते, मात्र छप्पर गळता कामा नये. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेता हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखा आहे. जुन्या कारागिरांनी खांब जमिनीत पुरला नाही, दगडी तळखड्यावर उभा केला, तो याचसाठी.

भूकंपाचीही एक आठवण सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मृत्यू पावली. त्या भागातील पुष्कळ घरांत दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांच्या आत धाब्याचा भार पेलणारा लाकडी सांगाडा होता. भिंती ढासळल्या आणि माणसे त्यांच्याखाली सापडली. पण अनेक ठिकाणी आतील लाकडी खण उभेच राहिलेले पाहणाऱ्यांना दिसले. खोबणीत कूस बसवून जोडलेले लाकूड थोडे हलते, पण तुटत नाही. याचा अर्थ लाकडाने सर्वांना वाचविले असा नव्हे. सांगाडा आणि भिंत एकमेकांशी बांधलेली नसतील, तर चांगला सांगाडाही वाईट भिंतीपासून माणसाला वाचवू शकत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

जगात या जुन्या विद्येला आज नवे रूप आले आहे. जर्मनीतील ओटो हेट्झर याने १९०६ साली फळ्या एकावर एक चिकटवून मोठी तुळई करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यामुळे मोठ्या खांबासाठी मोठाच वृक्ष हवा, ही अट उरली नाही. पुढे फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून भिंती व मजल्यांचे भक्कम तक्ते करण्याची कला युरोपात वाढली. नॉर्वेत २०१९ साली अठरा मजल्यांची लाकडी इमारत उभी राहिली. तिच्यात कचेऱ्या व उपाहारगृह आहे. अमेरिकेतील मिल्वॉकी येथे २०२२ साली पंचवीस मजल्यांची इमारत पुरी झाली. तिचे खालचे मजले काँक्रीटचे आणि वरचे लाकडाचे आहेत. तेथील २०२१ च्या आदर्श संहितेने अठरा मजल्यांपर्यंत लाकडी बांधकामास वाव दिला. परंतु इमारत जितकी उंच, तितके लाकूड अधिक झाकावे आणि पाण्याचे फवारे असलेच पाहिजेत, अशा अटी घालूनच. तिथेही मोजमाप वेळेचेच आहे. लोखंडी बोल्ट व पट्ट्या उघड्या ठेवल्या तर त्या उष्णता आत नेतात, म्हणून त्या लाकडाच्या पोटात लपविल्या जातात, ही एक बारीक पण मोलाची गोष्ट.

आपल्या देशात मात्र लाकडाची अडचण नियमांपेक्षा रानाची आहे. जंगले वाचावीत म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ साली आपल्या इमारतींत लाकूड वापरणे बंद केले. ती बंदी २०२० साली उठली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. खानापूर, हल्याळ, दांडेली या रानांतून गाड्या भरभरून साग बेळगावात येत होता, ते दिवस गेले आणि गेले हेच बरे. परंतु म्हणूनच जे खांब आज पेठेत उभे आहेत, त्यांची किंमत निराळ्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे. एवढ्या जाडीचा, भरलेल्या गाभ्याचा साग आज विकत घेऊ म्हटले तर सहज मिळत नाही. इमारत पाडली की तो जुन्या लाकडाच्या वखारीत जातो, करवतीखाली त्याच्या फळ्या होतात आणि ज्या जाडीमुळे तो आगीत टिकला असता ती जाडीच नाहीशी होते.

आता त्या विद्यार्थ्याच्या दुकानाकडे परत येऊ. मी त्याला एवढेच सांगितले की, माझे ऐकू नकोस, आजीचेही नको आणि भावाचेही नको. बांधकामाचा जाणता अभियंता बोलाव आणि खांबांनाच विचार. अभियंता आला. त्याने वडिलांसारखेच पायथ्यापासून सुरुवात केली; ठोकून पाहिले, बारीक गिरमिटाने भोके पाडून आतला भुसा तपासला, ओलावा मोजला. बारांपैकी दहा खांब निरोगी निघाले. मागच्या मोरीलगतचे दोन खांब वरून तेलपाणी केलेले, चकचकीत. पण पायथ्याशी हात-दीड हात कुजून पोकळ झालेले. ज्या खांबाला टेकून आजी दुपारी बसत असे, तो त्यांपैकीच एक. हे कळल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजाऱ्याला पाटावर बसवून पूजा करीत होतो म्हणायचे." धाकटा भाऊही गप्प झाला, कारण ज्या दहा खांबांना तो सरपण म्हणत होता, त्यांतील प्रत्येकाचा तासाभराचा हिशेब कागदावर बरोबर उतरला होता.

शेवटी ठरले ते असे. दोन खांबांचा कुजका भाग कापून तेथे नवा दगडी तळखडा आणि निरोगी लाकडाचा सांधा. सांधा होईपर्यंत तुळईला टेकू. मोरी तेथून हलवावयाची. प्लायवुडचे खोटे छत काढून टाकावयाचे, तारा नळीतून नव्याने ओढावयाच्या. मागच्या बाजूस विटांच्या भिंतीत दुसरा जिना, तो सदैव मोकळा. माडीवर मालाचे गठ्ठे ठेवावयाचे नाहीत. छताला पाण्याचे फवारे. आणि वाढीव भाग मागच्या मोकळ्या जागेत काँक्रीटचा, दोहोंच्या मध्ये आग अडविणारी भिंत. हा सर्व नकाशा नगरपालिकेच्या मंजुरीसाठी गेला आहे. मंजुरी मिळेल की त्यात आणखी काही अटी येतील, हे अद्याप कळावयाचे आहे. अटी आल्या तर त्या पाळाव्यात, असे तिघांनीही मान्य केले आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी किंवा दुकानात असे खांब असतील तर त्यांना नमस्कार करण्याआधी किंवा कुऱ्हाड लावण्याआधी एकदा खाली वाकून त्यांच्या पायथ्याशी ठोकून पाहा. पाणी कोठून येते ते शोधा. वर नजर टाका आणि खोट्या छताआड काय दडले आहे ते पाहा. मग जाडी मोजा. लाकूड तुम्हाला किती वेळ देते आणि तुमच्या माणसांना बाहेर पडावयास किती वेळ लागतो, या दोन आकड्यांत पहिला मोठा असेल तर खांब राहू द्यावेत. दुसरा मोठा असेल तर कितीही जीव जडलेला असला तरी बदल करावा. जाणता अभियंता हा हिशेब एका सकाळच्या पाहणीत सुरू करून देऊ शकतो. तो पावसाळ्यापूर्वी करून घेतलेला बरा.